मुकादमला कुणी विचारलं?

४ फेब्रुवारी

धाकल्या,

"कशी आहेस, काम कसं चाललंय" असं विचारलंयस. काम चाललंय आणि मी चिडलेली आहे. झालं उत्तर. आता सविस्तर ऐक, कारण तू आमच्याच संस्थेच्या मुख्य ऑफिसात बसतोस आणि मी इथून कितीही बोंबलले तरी तुमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू जात नाही.

आमचं केंद्र म्हणजे जुनं बस-गॅरेज. जिथे बसगाड्या दुरुस्त व्हायच्या तिथे मी पोरांचे पाय बनवते. एका भिंतीशी प्लास्टरच्या गोण्या, मधे चालायला शिकायच्या दोन लोखंडी दांड्या, खिडकीपाशी माझं टेबल, त्यावर कानशी, कात्र्या, साचे. मेकॅनिक बसखाली उतरायचे ते लांबट खड्डे अजून आहेत. दोन फळ्यांनी झाकलेत, तिसरा उघडा आहे. लढाई थांबून आठ महिने झाले असं रेडिओ सांगतो. इथे कुणी दार आपटलं की चौदाच्या चौदा पोरं जमिनीवर आडवी होतात. मग कुणी त्यावर हसतं, कुणी चड्डी ओली करतं, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

मी चार महिने मोजे मागतेय. कृत्रिम पाय चढवायच्या आधी कापून उरलेल्या पायावर जाड सुती मोजा लागतो, नाहीतर कातडी सोलवटते. मागच्या आठवड्यात तुमच्याकडून खोका आला. मी कात्री घेऊन धावत गेले. आत काय? कापडी अस्वलं. त्यातली दोन मी उसवून मोजे शिवले. हे तुझ्या साहेबांना जरूर सांग.

शिवाय तुम्ही एक मन समजून घेणाऱ्या बाई पाठवल्या होत्या. दोन दिवसांसाठी. "मनातलं चित्र काढा" म्हणाल्या. पोरांनी काढलं. बाई चित्रं गोळा करून निघून गेल्या. पोरं आठवडाभर अंथरुणात थरथरत होती ते निस्तरायला आम्ही दोघी, मी आणि स्वयंपाकीणबाई. जखम उघडून डॉक्टर जेवायला गेला तर त्याला काय म्हणशील? तेच मी त्या बाईंना मनातल्या मनात म्हटलं, अगदी जसंच्या तसं.

इथे एक पोरगी आहे, अकरा वर्षांची. डावा पाय गुडघ्याखाली नाही. आम्ही तिला मुकादम म्हणतो, कारण ती दांड्यांशेजारी स्टुलावर बसून बाकीच्यांवर हुकूम सोडते. "टाच आधी! ए, टाच आधी! मान वर, जमिनीवर काही सांडलंय का तुझं?" तिच्या ओरडण्यावर चार पोरं चालायला शिकली. स्वतः मात्र उभी राहत नाही. मी बनवलेला पहिला पाय तिने खिडकीबाहेर भिरकावला. रागावली की त्या उघड्या खड्ड्यात उतरून बसते, आणि तिथे कुणी यायचं नाही असा तिचा कायदा आहे.

परवा दुसऱ्या पायाचं माप घेताना प्लास्टर वाळेपर्यंत तिला हलता येत नव्हतं. मी तिच्यासमोर पाटावर. तेव्हा तिने सांगितलं. बॉम्ब पडायला लागले तेव्हा घरात ती आणि सहा वर्षांची धाकटी बहीण, दोघीच. ती बहिणीला घेऊन पळाली. चौकात धूर झाला आणि बहिणीचा हात सुटला. एवढंच. मग म्हणाली, "आईला माहीत नाही. आईला वाटतं धाकटी घरातच गेली, झोपेत. मी बरी झाले की सांगणार आहे. चालत जाऊन सांगणार आहे." तिची आई दुसऱ्या शहरात इस्पितळात आहे, कमरेच्या हाडाची तिसरी शस्त्रक्रिया व्हायचीय.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाईना. तुझ्यापाशीच ठेव.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना टेबलाखाली वाकून पेन शोधल्यासारखं केलं, म्हणजे शेजारच्याला माझा चेहरा दिसू नये.

मोज्यांचं मी मनावर घेतलंय. साहेबांशी बोललो. त्यांना तुझ्या कामाचं फार कौतुक आहे. म्हणाले, "तुमच्या ताईंच्या लिहिण्यात दम आहे." अस्वलांचं सांगितलं नाही, कारण अस्वलं त्यांच्या मिसेसने निवडली होती.

माझी लेक मुकादमवर जाम खूश आहे. तीही अकराची, तीही घरात हुकूमच सोडते. तिला मुकादमचा फोटो बघायचाय. एखादा असेल तर पाठवशील का? आणि तिच्याबद्दल आणखी लिही. काय बोलते, कशी हसते. लेकीला सांगेन.

तब्येत सांभाळ. एवढी चिडत जाऊ नकोस.

धाकला


९ मार्च

धाकल्या,

चिडू नकोस म्हणणाऱ्या माणसावर मला सगळ्यात जास्त चीड येते, पण आज माफ. आज मुकादम चालली.

सकाळी मी दुसरा पाय तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटापालटा करून पाहिला. "वाकडा आहे." मी म्हटलं, "तुझं डोकं वाकडं आहे." मग तिने अस्वलाचा मोजा चढवला, पाय चढवला, दांड्या धरल्या. पहिल्या पावलाला शिवी, दुसऱ्याला शिवी. मग कुणीतरी तिच्याच आवाजात ओरडलं, "टाच आधी!" आणि ती हसत, रडत, शिव्या देत अकरा पावलं गेली. स्वयंपाकीणबाईंची डाळ करपली, आणि कुणीही तक्रार केली नाही.

त्या वेळचा फोटो सोबत पाठवतेय. दांड्यांमधे उभी आहे ती. तुझ्या लेकीसाठी. एरवी मी पोरांचे फोटो कुणाला देत नाही, तुला ठाऊक आहे.

मे महिन्यात आईला भेटायला न्यायचं ठरलंय. ती रोज पावलं मोजते. आईला काय सांगायचं, कुठल्या वाक्यापासून सुरू करायचं, हे माझ्याशी ठरवते. आज म्हणाली, "आधी चालून दाखवते. मग खाली बसते. मग सांगते." मी म्हटलं, असंच कर.

ताई


२ एप्रिल

काल गॅरेजात पाहुणे आले. तुमच्या ऑफिसची गाडी, चार माणसं. त्यातल्या एका बाईंच्या हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक होतं. त्यावर मुकादम. दांड्यांमधे, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. वरती मोठ्या अक्षरांत: "माझ्या हातून माझ्या बहिणीचा हात सुटला."

त्या बाईंनी आल्या आल्या तिला ओळखलं. गुडघ्यांवर बसल्या, तिचे गाल धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तूच ना ती? हात सुटला ती? अगं, तुझी काही चूक नव्हती हो!"

चौदा पोरं ऐकत होती.

मुकादमने पत्रक हातात घेतलं. सगळं वाचलं, एका दमात, मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसं. मग खाली बसली, पाय काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि बसत, सरपटत खड्ड्यात उतरली. आज दुसरा दिवस. जेवण फळीवर ठेवतो, ते परत येतं.

पत्रकातली चौकाची आणि धुराची वाक्यं माझी आहेत. स्वल्पविरामासकट. ती तुझ्याशिवाय कुणाकडे नव्हती.

मी वाट बघतेय. लिही.


१२ एप्रिल

ताई,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो.

हो, मी दिलं. साहेब म्हणाले होते, आकडे छापून लोक हलत नाहीत, एक मूल दाखवा. तुझं पत्र माझ्या खणात होतं. मी नाव कुठेच दिलं नाही, गावही नाही. पत्रक असं पसरेल याची मला कल्पना नव्हती. आता शहरात फलकही लागलेत. पण ताई, एक गोष्ट बघ. त्या एका पानामुळे लोकांनी इतकं भरभरून दिलं की लवकरच तुला मोज्यांचे खोके येतील, कृत्रिम पायांना चांगले सांधे येतील, दोन वर्षांसाठी पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञ मिळेल. मागून मागून थकलीस तेच सगळं. तू म्हणायचीस ना, ओरडलं तरी ऐकू जात नाही? आता ऐकू गेलं.

माझा हेतू वाईट नव्हता. तू तरी समजून घे.

धाकला


२५ एप्रिल

धाकल्या,

मोजे आले. चार खोके. पोरांच्या पायांवर चढवलेत, कारण पोरांच्या कातडीने तुझं काही बिघडवलेलं नाही. पण ते आले म्हणून मी गप्प बसेन असं वाटत असेल तर तू मला विसरलास.

"हेतू वाईट नव्हता." ज्याने बॉम्ब टाकला त्यालाही विचार, त्याचाही हेतू काहीतरी छानच असेल. या पोरांचं घर गेलं, पाय गेले, माणसं गेली, आणि कुणी त्यांना विचारलं नाही. मुकादमकडे एकच गोष्ट उरली होती जी ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या आईला देणार होती. तीही तू उचललीस आणि चौकात टांगलीस. तुझ्या लेकीचा असा फोटो लावला असतास? लेकीसाठी हवा म्हणून मागितलास रे! माझ्या भाचीच्या नावाने माझ्याशी खोटं बोललास. याचा मला इतका संताप येतो की काल साचा घासता घासता मी तो मधोमध मोडला.

आणि आता माझं ऐक. मी खड्ड्याच्या काठावर बसून तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "तू मला सांगितलंस, मी माझ्या भावाला लिहिलं, त्याने छापलं. सुरुवात माझ्यापासून आहे." वाटलं होतं, रडेल. तिने वर बघून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं लिहायला?"

जेवण जात नव्हतं म्हणून लिहिलं. माझं पोट हलकं व्हावं म्हणून. तिने एका पायावर उभं राहून काठावरच्या घमेल्यातलं ओलं प्लास्टर माझ्या अंगावर फेकलं. मी ते पुसलं नाही. वाळू दिलं. तासाभराने तीच म्हणाली, "निघणार नाही आता केसांतून." कापावे लागले केस. तुझी ताई सध्या शाळकरी पोरासारखी दिसते.

त्यानंतर ती जेवू लागली आहे. चालत नाही. आईला भेटायला जाणार नाही म्हणते. "तिने वाचलं असेल. आता मी काय सांगू?"

तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. पण फलक लागलेत त्या शहरातच तिची आई आहे, एवढं नकाशात बघ. पुन्हा मला हेतूबद्दल लिहू नकोस.

ताई


३० मे

ताई,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तुझं पत्र मी घरी वाचत असताना लेकीने विचारलं, "आत्याने काय लिहिलंय?" मी सांगितलं. सगळंच. ती म्हणाली, "बाबा, तो फोटो मला तू दाखवलाच नाहीस." आणि उठून गेली. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

साहेबांकडे गेलो. फलक उतरवा म्हटलं. म्हणाले, "मोहीम जोरात आहे, आत्ता कसे उतरवणार? मुलीलाही अभिमान वाटेल, मोठी झाल्यावर." मी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात टेबलावर हात आपटला. मग ज्या बाई तुमच्याकडे पत्रक घेऊन आल्या होत्या त्यांना गाठलं. त्यांच्या शब्दाला संस्थेत वजन आहे. त्यांना मी सांगितलं की मुलीला विचारलंच नव्हतं, आणि बहिणीचं आईला माहीत नव्हतं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "मी तिचे गाल धरले हो," एवढंच परत परत म्हणत राहिल्या. आठवड्यात फलक उतरले, पत्रकं परत मागवली. सगळी येणार नाहीत, हे मला कळतं. माझी जागाही गेली. ते ठीकच झालं.

मग इस्पितळात गेलो. मुकादमची आई खिडकीशेजारच्या खाटेवर होती. मी नाव-गाव सांगायच्या आतच तिने उशीखालून पत्रक काढलं. परिचारिकेने वाचून दाखवलं होतं तिला, कौतुकाने. मी म्हटलं, "हे मी लिहिलं." तिने पत्रकाची घडी घालून ते पुन्हा उशीखाली सारलं.

म्हणाली, "माझी मुलगी मला सांगायच्या आधी तू सगळ्या गावाला सांगितलंस."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "गप्प बस." आणि मग, ताई, ती माझ्यावर नाही, सगळ्यांवर ओरडली. "हात सुटला म्हणे! सहा वर्षांच्या पोरीला वाचवायला अकरा वर्षांची पोरगीच होती का गावात? मोठी माणसं कुठे होती? बॉम्ब टाकणाऱ्याचा फोटो का नाही छापला? त्याच्या हातून काय सुटलं ते का नाही लिहिलं?" परिचारिका धावत आली. मी उभाच होतो.

शांत झाल्यावर म्हणाली, "मला तिच्याकडे ने." डॉक्टर नको म्हणत होते. तिने सही करून दिली. मी गाडी केली, मागच्या सीटवर गाद्या घातल्या आणि तिला तुझ्या गॅरेजच्या फाटकापर्यंत आणलं. सहा तासांचा रस्ता. उतरताना म्हणाली, "तू आत यायचं नाहीस." मी संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेर उभा होतो. तू बाहेर आली नाहीस. मी आहे हे तुला माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. तिचा निरोप आला की ती राहतेय, मग निघालो.

आत काय झालं ते मला सांगायला तू बांधील नाहीस.

धाकला


१४ जून

धाकल्या,

मला माहीत होतं. खिडकीतून तुझी पाठ दिसत होती. बाहेर आले असते तर तुला मारलं असतं नाहीतर मिठी मारली असती, आणि दोन्ही मला नको होतं.

आत काय झालं ते तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. सगळं नाही. मला सांगायची जेवढी परवानगी मिळालीय तेवढंच. या वेळी मी विचारलंय.

आईचा आवाज ऐकताच मुकादम खड्ड्यात उतरली. आई दोन कुबड्यांवर. खड्ड्याला चार पायऱ्या. मी म्हटलं, मी आणते तिला वर. आई म्हणाली, "ती वर येणार नाही, मी ओळखते." कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि पायऱ्यांवर बसून, एकेक पायरी घसरत, कण्हत खाली गेली. शस्त्रक्रिया झालेली कंबर! मी बघत राहिले. पोरं काठावर जमली, त्यांना स्वयंपाकीणबाईंनी हाकललं.

आधी मुकादमचाच आवाज आला. सांगणं नव्हतंच ते. किंचाळत होती. "तू कुठे होतीस? तू का गेली होतीस? मला एकटीला का ठेवलंस?" पुन्हा पुन्हा तेच. महिनोन्महिने ती वाक्यं ठरवत होती, त्यातलं हे एकही नव्हतं. आईने काही सफाई दिली नाही. "हो," म्हणत होती नुसती. "हो. गेले होते. हो." नंतर काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, कारण तेव्हा मी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विनाकारण यंत्र सुरू केलं.

दुपारी मुकादमने खालून हुकूम सोडला, "पाय द्या माझा." मी दिला. ती वर आली, आणि मग आईला वर कसं काढायचं यावर तिने आम्हा सगळ्यांना इतकं झापलं की विचारू नकोस.

सगळं बरं झालं असं समजू नकोस. रोज भांडतात. मुकादम दोन दिवस चालते, एक दिवस चालत नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते, मग पोरगी तिच्यापाशी जाऊन बसते. नवीन मानसोपचारतज्ज्ञ आली आहे. तरुण आहे, ऐकून घेते. मुकादमने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे का?" ती नाही म्हणाली, तेव्हा बोलणं सुरू झालं.

मी तुला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. पण तुझं पत्र मी टाकून दिलं नाही, आणि फाटकाबाहेर तू उन्हात उभा होतास हेही मी विसरणार नाही. सध्या एवढंच. लेकीला माझा पापा दे, तिला म्हणावं तुझं बरोबर आहे.

मुकादमने तुला एक पत्र लिहिलंय. मी वाचलेलं नाही. तिने पाकीट स्वतः चिकटवलं, वर थुंकी लावून तीनदा दाबलं.

ताई


१३ जून

ताईंच्या भावाला,

तुम्हाला प्रिय लिहिणार नाही. ताई म्हणाल्या, वाटेल ते लिही.

तुमचं पत्रक मी पाठ केलंय. त्यात पाच चुका आहेत.

तुम्ही लिहिलंय हात सुटला. सुटला नाही. तिने हिसडा दिला. तिची चप्पल मागे राहिली होती, ती आणायला. मी ओरडले, थांब. ती थांबली नाही. ती माझं कधीच ऐकायची नाही.

तुम्ही लिहिलंय मी रोज रडते. मी रोज रडत नाही. फोटोत मी शिवी देत होते.

तुम्ही लिहिलंय माझं बालपण हरवलं. ते काय असतं मला माहीत नाही. माझा पाय हरवला. बहीण हरवली. घर हरवलं. तेवढं लिहा.

तुम्ही लिहिलंय मी तुमच्या मदतीची वाट पाहते. मी आईची वाट पाहत होते.

तुम्ही लिहिलंय माझी बहीण फुलासारखी निरागस होती. ती चावायची. आईला, मला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना. माझ्या उजव्या दंडावर अजून तिचे दोन दात आहेत. तेही छापा. छापायच्या आधी मला दाखवा. मी हो म्हटलं तरच छापा, आणि मी बहुतेक नाही म्हणेन.